पथकाची नोंदवही

आमचं स्काऊट पथक बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळीच्या सुमारास पथकातली बरीच मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी पार कर्नाटकात. परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. इकडे स्काऊटच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी प्रवेश आणि दीक्षा, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, पुढे राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. वरची पायरी चढायला नुसती चाचणी पुरत नाही, मधले काही महिने स्काऊट म्हणून काम केलेलं असावं लागतं. जे मूल निम्मं वर्ष उसाच्या फडात असतं, त्याचे हे महिने कोणी धरायचे?

मी स्काऊट मास्टर झालो तेव्हा पथकाची नोंदवही कपाटात असायची आणि शिबिराचे अर्ज भरायच्या वेळीच बाहेर यायची. मी ती संघनायकांच्या, म्हणजे पथकातल्या गटांच्या म्होरक्या मुलांच्या, हाती दिली. मुलाने शीट बेंडची गाठ बांधून दाखवली, दोन काड्यांत चूल पेटवली, की त्याच दिवशी तारीख पडते. खाली परीक्षा घेणाऱ्याची सही, आणि तीच नोंद मुलाच्या स्वतःच्या प्रगतीपुस्तिकेतही. ती पुस्तिका मुलाकडेच राहते. बॅज आला की पुढच्याच पथक सभेला, ध्वजाखाली, सगळ्यांसमोर डाव्या हाताने हस्तांदोलन करून द्यायचा. वार्षिक स्नेहसंमेलनापर्यंत बॅज राखून ठेवण्याची पद्धत मला पटत नाही. अकरा-बारा वर्षांच्या पोराने जूनमध्ये केलेल्या गोष्टीचं कौतुक जानेवारीत झालं, तर तोवर त्याचा त्यातला जीव गेलेला असतो. शिवाय आमच्याकडे जानेवारीत ते पोर गावातच नसतं.

एक मुलगा द्वितीय सोपानाच्या अर्ध्यावर असताना फडावर गेला. जाताना पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेली. मी सांगितलं होतं की तिकडे जे करशील ते मागच्या पानांवर लिही. परतल्यावर पाहिलं तर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, काठ्या चौकोनी बांधणीने बांधल्या. बैलांचे दोर खुंट्याला क्लोव्ह हिचने बांधले, ‘सुटले नाहीत’. धाकट्या बहिणीला आणि शेजारच्या कोपीतल्या दोघांना पाढे शिकवले. भाकरी येतात, ‘पण गोल नाही’.

एक गोष्ट मात्र त्याने लिहिलीच नव्हती. ती त्याच्या आईने सांगितली. पहाटेच्या अंधारात एका बाईच्या पोटरीला कोयता लागला. सगळे हळद शोधायला धावले, तेव्हा याने गळ्यातला स्कार्फ काढून जखमेवर घट्ट दाबून धरला, तिला आडवं करून पाय उंच ठेवला आणि गाडी मिळेपर्यंत हात काढला नाही. का लिहिलं नाहीस, म्हणून विचारलं तर म्हणाला, “सर, ती काय चाचणी नव्हती.”

पुढच्या पथक सभेत मी हे सगळं वाचून दाखवलं. मग त्याचे फडावरचे महिने धरायचे का, हे ठरवायला संघनायकांना घेऊन कोर्ट ऑफ ऑनर बसवलं. एका संघनायकाने रास्त शंका काढली: हा सभांना नव्हता, आम्ही दर शनिवारी आलो, मग सारखं कसं? मला ती शंका आवडली. बराच वेळ बोलणं झालं. ठरलं ते असं, की चाचणीत सूट कोणालाच नाही, प्रत्येक गाठ आणि प्रथमोपचार पुन्हा करून दाखवायचा. पण फडावरचे महिने त्याच्या कामाच्या नोंदीवरून धरायचे. त्याने सगळं करून दाखवलं. बहुतेक गोष्टी इतरांपेक्षा सफाईने.

भारतात 1909 साली बंगळुरूत स्काऊटिंग सुरू झालं तेव्हा भारतीय मुलांना त्यात घेतच नव्हते. 1913 मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, त्यांनी भारतीय मुलांसाठी हे काम सुरू केलं. त्याच सुमारास शाहजहानपूरला श्रीराम बाजपेयींनीही पथक उभं केलं. इतक्या खटपटीने उघडलेलं दार हजेरीच्या एका रकान्यापायी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बंद होणं मला सहन होत नाही. जिल्ह्याच्या बैठकीत मी हे दरवेळी मांडतो. मान्यतेचे नियम सैल करा, असं माझं म्हणणं नाही. मूल जिथे असेल तिथलं त्याचं काम बघा, एवढंच मागणं आहे.

तो मुलगा आता तृतीय सोपान पूर्ण करून संघनायक झाला आहे. नोंदवही त्याच्याकडे असते, आणि सही द्यायला तो माझ्यापेक्षा कडक आहे. परवा एका नव्या पोराची बोलाइनची गाठ ओढल्यावर घसरली, तर त्याने वही मिटून दोर पुन्हा त्याच्या हातात दिला. राज्य पुरस्काराच्या चाचणी शिबिराचा त्याचा अर्ज मी भरला आहे. शिबिर दिवाळीआधी लागलं तरच त्याला जाता येईल, म्हणून तारखेसाठी जिल्हा संघटकांकडे रोज फोन चालू आहेत.