फाटकावरचा दिवा

परमुलखात मराठी माणसाचे घर शोधावयाचे असेल, तर दिवाळीचे दिवस उत्तम. वडोदऱ्यास आमच्या सोसायटीत दारोदारी तोरणे असतात, रांगोळ्या असतात, पणत्याही असतात. परंतु कोठे उंच टांगलेला आकाशकंदील दिसला, की आत चकलीची भाजणी मळली जात आहे असे खुशाल समजावे. गायकवाडांच्या राज्यापासून मराठी कुटुंबे या शहरात नांदत आली आहेत. आपल्या घराची ही खूण आम्हीही मोठ्या अभिमानाने जपली होती. फाटकावरील लोखंडी कमानीस कंदील टांगावयाचा आणि त्याची वायर खांबावरील दिव्याच्या होल्डरातून ओढून घ्यावयाची, ही योजना आमचीच. जोडावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, की आमचे विद्युत्शास्त्र संपले. कार्तिक सरला म्हणजे कंदील माळ्यावर जाई. वायर मात्र जागच्या जागी राही. वर्षाने पुन्हा लागावयाचीच, मग काढावी कशाला? आळसास काटकसरीचे नाव देण्याची कला आम्हांस चांगली साधली आहे.

२०२४ च्या जूनअखेरीची गोष्ट. रात्रभर पाऊस कोसळला होता. पहाटे वर्तमानपत्र टाकणारा पोरगा अंगणाबाहेरूनच ओरडला, "काका, झांपामां करंट आवे छे!" आम्ही अर्धवट झोपेत हुंकार दिला. सकाळी दहाच्या सुमारास चहा, स्नान, पूजा आटोपून फाटकापाशी गेलो, त्यास एकदा हात लावला, दुसऱ्यांदा लावला. फाटक थंडगार आणि निरुपद्रवी. फाटकाबाहेरचा तो दिवा आम्ही रोज उजाडताच बंद करतो, हे त्या वेळी आमच्या ध्यानातही आले नाही. "पोर खोटं कशाला बोलेल?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. पावसात सायकलवरून उतरण्याचा कंटाळा, असा निवाडा आम्ही देऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापासून वर्तमानपत्र लांबूनच भिरकावले जाऊ लागले आणि नेमके डबक्यात पडू लागले. तीन दिवस आम्ही अग्रलेख चिखलातून वाचले. चौथ्या दिवशी पोराला चार शब्द सुनवावेत म्हणून पहाटे साडेपाचलाच, अनवाणी, छत्री सावरीत बाहेर पडलो. एका हातात छत्री, दुसऱ्यात धोतराचा सोगा. म्हणून फाटक कोपराने ढकलले. त्यानंतरचे आम्हांस आठवते ते एवढेच, की छत्री पाण्यात उलटी पडली होती, आम्ही पायरीवर बसलो होतो आणि उजवा हात आपला नाही असे वाटत होते. पोर रस्त्यापलीकडे सायकल धरून उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर बरे वाटले असते.

त्या दिवशी वायरमन आले. सोसायटीतले सारे त्यांना काका म्हणतात, आणि साठी उलटलेले आम्हीही म्हणतो. त्यांनी आपला टेस्टर प्रथम घरातील चालू प्लगमध्ये घालून तो ठीक असल्याची खात्री केली, मगच फाटकाकडे वळले. "दिवा लावा," म्हणाले. दिवा लागताच फाटकाला टेकलेल्या टेस्टरमध्ये तांबडा ठिपका पेटला. वैशाखाच्या उन्हाने चिकटपट्टी वाळून उकलली होती, आत उघडी पडलेली तार कमानीला टेकली होती, आणि पहिल्या पावसाने उरलेले काम पुरे केले होते.

"मग मेनची कळ का पडली नाही?" असे आम्ही काहीशा तक्रारीच्या सुरात विचारले. काकांनी समजावले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. आमच्या दिव्यांच्या मार्गावरील एम. सी. बी. सहा अँपिअरची. ती वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. माणसाच्या जिवाला तीस मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाहही धोक्याचा. म्हणजे त्या कळीच्या मर्यादेचा दोनशेवा हिस्सा. चाळीस वॉटचा साधा बल्ब याच्या पाचपट प्रवाह पितो! कोरडी कातडी विजेला पुष्कळ अडविते, ओली फारशी अडवीत नाही. शिवाय या प्रवाहाने स्नायू आखडतात. मुठीत धरलेली वस्तू सोडू म्हटले तरी सुटत नाही. "कोपर लागलं म्हणून बसलात बोलत," काका म्हणाले. पोराने त्या दिवशी फाटकाची कडी कशी धरली असेल, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला.

घराच्या आतील दिव्याची आपण काळजी घेतो, कारण त्याखाली आपण बसतो. फाटकावरच्या दिव्याशी आपला संबंध कोरड्या भिंतीवरील बटनापुरता. त्याच्याखाली ओल्या पायांनी उभा राहतो तो दूधवाला, टपालवाला, रात्री पत्ता विचारणारा कोणी वाटसरू. उजेड त्यांच्यासाठी आणि उघडी तारही त्यांच्यासाठीच, अशी आमच्या आतिथ्याची तऱ्हा होती!

काकांनी जुनी वायर उपटून टाकली. तिच्या जागी उन्हापावसात टिकणारी जाड आवरणाची केबल आली. जोड झाकणाच्या बंद डबीत गेला. केबल डबीत खालून शिरते आणि शिरण्याआधी तिला एक झोल दिलेला आहे, म्हणजे ओघळणारे पाणी त्या झोलावरूनच गळून पडते. दिवा आय. पी. ६५ प्रतीचा: धूळ आत जात नाही, पाण्याच्या झोतालाही दाद देत नाही. फाटक आणि कमान अर्थिंगच्या तारेने जोडली गेली. शिवाय मेनपाशी तीस मिलिअँपिअरची आर. सी. सी. बी. बसली. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांचा हिशेब ती सतत ताडून पाहते, आणि तेवढी तूट दिसताच क्षणाच्या अंशात वीज तोडते. आमच्या जमाखर्चाच्या वहीस असा कारकून कधी लाभला नाही. तिच्यावर तपासणीचे एक बटन असते. ते दाबल्यावर ती पडली नाही, तर ती केवळ शोभेची. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात मधूनमधून बादलीभर पाणी ओतावे, हेही काकांनी बजावले, कारण कोरडी माती वीज नीट स्वीकारीत नाही. मृग लागण्यापूर्वी सगळ्याची पाहणी, आणि दिव्याला हात लावावयाचा तो मेन बंद करून, नुसते बटन बंद करून नव्हे. जुन्या घरांतून बटन चुकीच्या तारेवर बसविलेले असले, तर दिवा विझतो पण होल्डर जिवंतच राहतो.

त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि नदीतल्या मगरी वस्त्यांतून फिरू लागल्या. सोसायटीतील मंडळी काठ्या घेऊन गच्चीवरून पहारा करीत होती. आमच्या फाटकाच्या खांबाशी गुडघाभर पाणी होते. आम्ही मेन आधीच बंद केला होता, आणि पाणी ओसरल्यावर काकांनी सारे तपासून पाहीपर्यंत तो उघडला नाही. शेजाऱ्यांस आमचा हा भित्रेपणा वाटला. मगरीला भिणे मात्र शौर्यात मोडत होते!

दिवाळीस कंदील पुन्हा लागला. आता तो बारा व्होल्टवर जळतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर घरात, कोरड्यात आहे. तुळशीचे लग्न लागले, की कंदिलाबरोबर वायरही माळ्यावर जाते.

पोराला आम्ही घरात बोलावून चकली दिली आणि चूक आमची होती असे सांगितले. मोडक्या गुजरातीत सांगितले, पण त्याला समजले. मग त्याच्यादेखत आम्ही अनवाणी जाऊन फाटक दोन्ही हातांनी धरून दाखविले. त्याने मान डोलावली, चकली खिशात घातली. थंडीत, उन्हाळ्यात तो आता फाटक उघडून वर्तमानपत्र पायरीवर ठेवतो. पाऊस पडत असला, की मात्र लांबूनच फेकतो. ते भिजते. आम्ही काही बोलत नाही. तव्याच्या उबेवर वाळवून दुपारी वाचतो.