ठिणगी चुकते तेव्हां



या अंकासाठीं कांहीं लिहून द्यावें असें संपादकमंडळानें मला सांगितलें, तेव्हां स्वतःची एक चूक लिहावी असें मनांत आलें. दुसऱ्यांच्या चुकांवर तांबडी रेघ ओढणें हें आम्हां शिक्षकांचें नित्याचें काम. आपल्या चुकीवर ती ओढण्याचा प्रसंग क्वचित् येतो. तो माझ्यावर एका मोटारीनें आणला.

माझें घर रोहिणखेडास, घाटाच्या पायथ्याशीं आहे. वरचें पठार व खालचा खानदेश यांमधील वाटेवर असल्यामुळें या गांवानें लढाया पाहिल्या आहेत. इ. स. १४३७ मध्यें बहामनी सेनापति खलफ हसन यानें खानदेशच्या नासीरखानाचा येथें पराभव केला, व १५८२ सालीं बांधलेली दगडी मशीद गांवाच्या जुन्या वैभवाची साक्ष देते. फौजांचा काळ गेला. आतां राजूरचा घाट आमच्या मोटारींच्या इंजिनांची परीक्षा घेतो.

माझी मोटार जुनी घेतलेली, तीन सिलिंडरांची व टर्बो लावलेली आहे. इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर एक चक्र फिरतें, त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत भरतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करूं लागतें. जें धुराड्यांतून वायां जावयाचें, त्यालाच कामाला लावण्याच्या या युक्तीचें पेटंट आल्फ्रेड ब्यूशी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालीं घेतलें.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रात्रीं शेजारच्या मुलीस धाप लागली. तिला व तिच्या वडिलांना घेऊन मी बुलढाण्यास निघालों. सपाटीवर गाडी सुरळीत चालली. परंतु घाट लागतांच ती झटके देऊं लागली व समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करूं लागला. मी पायाखालचें पेडल अधिक दाबलें, तसे झटके अधिकच वाढले. एका वळणावर गाडीनें जीव सोडला. सुदैवानें मागून एक जीप आली; तिनें दोघांना वर नेलें व चार दिवसांत मुलगी बरी झाली. पण त्या वळणावर तिच्या बापानें माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, ती नजर मी अद्यापि विसरलों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं गाडी सपाट रस्त्यावर जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चालली. मी तत्काळ निष्कर्ष काढला कीं, पेट्रोलांत भेसळ आहे. आणि तेवढ्यावर न थांबतां चारचौघांत पंपाच्या मालकाचें नांव घेऊन तसें बोलूनहि दाखविलें.

मग गाडी एका मेकॅनिककडे नेली. हा माझाच जुना विद्यार्थी. शास्त्र या विषयांत मीं त्याला दोनदां नापास केलें होतें. मी पेट्रोलाचें पुराण सुरू करतांच तो नम्रपणें म्हणाला, "सर, गाडी कवा झटके देते, ते सांगा आधी."

या एका प्रश्नांत सारें शास्त्र होतें. मीं सांगितलें, केवळ चढावर. त्यानें स्कॅनर जोडला. ठिणगी अथवा ज्वलन चुकणें, ज्यास कारागीर 'मिसिंग' म्हणतात, त्याची नोंद इंजिनाचा संगणक ठेवतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत चूक, ०३०२ म्हणजे दुसऱ्यांत. आमच्या नोंदींत ०३०० होतें, म्हणजे चूक एका सिलिंडराची नव्हे, सर्वांत विखुरलेली. "एकच सिलिंडर चुकत असता," तो म्हणाला, "तर मीं त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरावर लावली असती. चूक कॉइलीमागें गेली तर दोष कॉइलीचा. जागींच राहिली तर दुसरीकडे शोधायचें. इथं तिन्ही चुकतात. तेव्हां तिघांना सारखं असलेलं कारण पाहूं." आणि त्यानें तिन्ही प्लग उघडले.

प्लगाच्या टोकाशीं मधला तार व वरचा वांकडा पाय यांमध्यें जें अंतर असतें, तें त्यानें गेजनें मोजलें. तें १.१ मिलिमीटर भरलें. माझ्या गाडीच्या पुस्तकांत ०.७ दिलें होतें. हे प्लग कोणीं बसविले, असें त्यानें विचारलें. मीं मान खालीं घातली; कारण सहा महिन्यांपूर्वीं, आटे व लांबी जुळते आणि किंमत कमी, एवढेंच पाहून बिनटर्बोच्या इंजिनाचे प्लग मीं स्वतःच्या हातांनीं बसविले होते.

आतां यांतील कारण पाहा. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइल हजारों व्होल्टांपर्यंत चढविते, तेव्हां ठिणगी ती फट ओलांडते. वायूंतून ठिणगी उडण्यास लागणारा दाब, म्हणजे व्होल्टेज, हा वायूची दाटी व फटीचें अंतर या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो, हें फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालीं दाखवून दिलें. सपाटीवर टर्बो जवळजवळ स्वस्थ असतो, हवा विरळ असते, रुंद फटहि ठिणगी ओलांडते. चढावर मात्र हवा कोंबून भरली जाते, व तीच फट कॉइलीच्या शक्तीबाहेर जाते. मी पेडल दाबीत होतों, तों तों ठिणगीचा मार्ग मीच रोखीत होतों. हा नियम मीं वर्गांत शिकविला होता. माझ्या गाडींत तो मला दिसला नाहीं.

प्लग निवडतांना दुसरी गोष्ट त्याच्या उष्णतेची. टोंक सुमारें ५०० अंशांच्या खालीं राहिलें तर काजळी जळून जात नाहीं. ८५० अंशांच्या फार वर गेलें तर तेंच तापलेलें टोंक ठिणगीच्या आधीं मिश्रण पेटवितें. टर्बोच्या इंजिनांत उष्णता अधिक, म्हणून ती लवकर बाहेर टाकणारा 'थंड' प्लग बहुधा लागतो. येथें अंकांवर भुलूं नये: एन्. जी. के. च्या प्लगांत मोठा अंक थंड प्लगाचा, तर बॉशच्या प्लगांत तो उष्ण प्लगाचा. आपल्या गाडीचें पुस्तक हाच खरा आधार. काढलेल्या प्लगाचा रंगहि वाचावा: फिकट तपकिरी अथवा करडा असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक, तेलकट ओल म्हणजे आंत तेल शिरतें, पांढरा फटफटीत म्हणजे अति उष्णता. माझे तिन्ही पांढरे होते.

आणखी एक ध्यानांत ठेवा. इंजिनाचा दिवा उघडझाप करूं लागला तर गाडी दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत जाऊन जळतें व तो महागडा भाग नासतें. माझा थोडक्यांत वांचला.

योग्य प्लग बसवून आम्ही दोघे राजूरचा घाट चढलों. स्कॅनरवर चुकांचा आंकडा शून्यावर स्थिर राहिला. उतरतांना मीं गाडी पेट्रोलपंपाशीं थांबविली, आणि ज्या चारचौघांसमोर बोललों होतों त्यांतले दोघे तेथें असतांनाच मालकाची क्षमा मागितली. तो हंसला व म्हणाला, "जाऊं द्या, मास्तर." पण मधल्या काळांत त्याचे किती ग्राहक माझ्या शब्दामुळें तुटले असतील, हें त्यानें सांगितलें नाहीं व मींहि विचारलें नाहीं.

तेव्हांपासून वर्गांत कोणाचें उत्तर चुकलें, तर तें केव्हां चुकतें, हें मी आधीं विचारतों.