चूक कुठल्या ओळीत?

गणपतीत माझा भाचा पुण्याहून आला, तो संगणक बगलेत मारूनच. दुपारी मोदक खाऊन सारे घर आडवे झालेले असताना हा पठ्ठ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चुका करीत बसला होता! जन्मभर मुलांच्या चुका काढीत आलेल्या माझ्यासारख्या मास्तराला हे कसे पाहवणार?

"मामा, ही चाचणी आहे," तो हसून म्हणाला आणि त्याने मला सारे समजावून दिले.

आपण शाळेत वाक्यपृथक्करण शिकवतो ना, तेच काम संगणकात 'पार्सर' करतो. तो हाताने लिहिणे जिकिरीचे. म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी 'याक' नावाचा प्रोग्रॅम केला. आपण व्याकरणाचे नियम द्यावेत, त्याने सी भाषेत पार्सर लिहून द्यावा. त्याच्या मागून आला 'बायसन'. याकनंतर गवा! आपल्या ओळी वीस-पंचवीस. बायसन लिहितो हजारावर, आणि आपला मजकूर त्यांत जसाच्या तसा उतरवून घेतो. पंचाईत होते ती पुढे. चूक असते आपल्या दहाव्या ओळीत. पण कंपायलर वाचतो बायसनची वही. तो तिथली कुठली तरी आठशेवी ओळ दाखवायचा! म्हणून बायसन मध्ये मध्ये खूण लिहून ठेवतो : 'येथून पुढचे मूळ फाइलच्या दहाव्या ओळीतले.' तो मजकूर संपला की दुसरी खूण : 'आता हे माझे.' ज्याची चूक त्याच्या पदरात! या खुणा खऱ्या आहेत की नाहीत, हे पाहायला ठरलेल्या ओळीवर मुद्दाम चूक पेरायची आणि कंपायलरचे बोट नेमके तिथेच जाते का ते पाहायचे.

मी गप्पच झालो. बारा वर्षांपूर्वीची एक वही मला आठवली.

मुले फळ्यावरचा उतारा उतरवून घेत होती. तास संपता संपता मी समोरच्या मुलाची वही उचलली. 'आशिर्वाद'! शि ऱ्हस्व!

"सर, फळ्यावर..." तो चाचरत म्हणाला.

"उलट बोलतोस?" मागे वळूनही न पाहता मी ओरडलो आणि तो शब्द पन्नास वेळा शुद्ध लिहून आणायला सांगितला. वर्ग रिकामा झाल्यावर फळा पुसायला वळलो. तिसऱ्या ओळीत, माझ्याच अक्षरात, ऱ्हस्व शि! मी तो घाईघाईने पुसला. दुसऱ्या दिवशी त्याने पन्नास ओळी आणून दिल्या. मी काही न बोलता खाली सही केली.

परवा मी फळ्यावर मुद्दाम 'आशिर्वाद' लिहिले. सारा वर्ग निमूटपणे उतरवून घेऊ लागला. माझा जीव खालीवर होत होता. अखेर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"सर, तिसरी ओळ चुकली."

मी खडू तिच्या हातात दिला.

त्या मुलाकडून दटावून घेतलेले पन्नास आशीर्वाद मात्र अजून माझ्या अंगावर आहेत. त्याचा पत्ता मिळवला आहे. ही दिवाळी सरण्यापूर्वी जाऊन ते फेडायचे आहेत.