बंब, दुपार, अठरा ठिकाणं

तांब्याचा बंब.
मधल्या नळीत करवंट्या, लाकडाच्या ढलप्या, वरून दोन कोळसे. भोवती पाणी. खाली राखेची जाळी आणि कायम ठिबकणारी तोटी. एकदा पेटला की उन्हं वर येईपर्यंत पाणी कढत. फायब्रोमायल्जिया असलेल्या माणसाची सकाळ सहसा वाईट जाते. रात्रभर झोपूनही अंग मोडून आलेलं, बोटं आखडलेली, मान वळत नाही. अशा अंगाला घंगाळभर कढत पाणी हा उतारा कुणी चिठ्ठीवर लिहून न देता मिळत होता. आता न्हाणीघरात तीन लिटरचा गीझर असतो; खांद्यांपर्यंत ऊब पोचते न पोचते तोच पाणी गार. मोठा बसवता येतो. आम्ही बसवला.
बंबाच्या आठवणी काढणारे तो पहाटे पाचला कोण पेटवत होतं ते मात्र सांगत नाहीत. आमच्याकडे आजी पेटवायची, धुरानं डोळे चोळत. तिचेही गुडघे दुखायचे. तिची आंघोळ शेवटी, उरलेल्या कोमट पाण्यात.

अठरा ठिकाणं.
ही घरातून गेली नाहीत, डॉक्टरांच्या पुस्तकातून गेली. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं हा आजार ओळखायचे निकष ठरवले. कवटीच्या कडेखाली, मानेत, खांद्यांवर, दुसऱ्या बरगडीपाशी, कोपराच्या बाहेर, कुल्ल्यांवर, गुडघ्याच्या आतल्या अंगाला अशा नऊ जोड्या, म्हणजे अठरा जागा. डॉक्टरांनी अंगठ्यानं साधारण चार किलोचा दाब द्यायचा, म्हणजे अंगठ्याचं नख पांढरं पडेस्तोवर. तीन महिने सगळं अंग दुखत असेल आणि अठरापैकी अकरा जागी पेशंट कळवळला, तर फायब्रोमायल्जिया. दहाच जागी कळवळणाऱ्यानं काय करायचं, हे मला कधी समजलं नाही. २०१० मध्ये नवे निकष आले आणि अंगठा बाजूला झाला. आता शरीराच्या एकोणीस भागांपैकी कुठे कुठे दुखतं ते विचारतात. शिवाय थकवा किती, झोपून उठल्यावर ताजं वाटतं का, लक्ष लागतं का, साधे शब्द आठवतात का. तपासण्या होतात त्या थायरॉइड, संधिवात, ड जीवनसत्त्व असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. या दुखण्यात रक्ताचे रिपोर्ट चांगले येतात. इतके चांगले की घरचे अभिनंदन करतात.

‘फायब्रोसायटिस’.
याच आजाराचं १९०४ सालचं नाव, इंग्लंडमधल्या विल्यम गॉवर्स यांनी दिलेलं. स्नायूंमधल्या तंतुमय ऊतींना सूज असावी असा त्यांचा अंदाज होता. सूज काही सापडली नाही. १९७६ मध्ये नाव बदलून फायब्रोमायल्जिया झालं. दुखणं स्नायूंत जाणवतं, पण बिघाड वेदना वर कळवणाऱ्या आणि आवरणाऱ्या यंत्रणेत, मेंदूत आणि मज्जारज्जूत आहे, हे आता बरंच मान्य झालंय. साधा दाबही तिथे वेदना म्हणून नोंदला जातो. दुखणं खरंच असतं.

पर्समधली गोळी.
बायकांच्या पर्समध्ये रुमाल, सुटे पैसे, देवीचा अंगारा आणि एक अर्धी संपलेली वेदनाशामक गोळ्यांची पट्टी. माझ्या पर्समधली गेली. सूजच नाही तर सूज उतरवणारी गोळी उतरवणार काय? पित्त तेवढं वाढवते. या आजारावर मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या वेगळ्या गोळ्या आहेत, काहींना त्यांनी थोडा आराम पडतो, काहींना नुसती गुंगी येते. डॉक्टरांना विचारून मी त्या हळूहळू कमी करत सोडल्या. कुणी हे वाचून आपल्या उद्यापासून बंद करू नयेत. काही गोळ्या एकदम सोडल्या की शरीर त्याचा वेगळा हिशेब मागतं.

मिठाची पुरचुंडी.
धोतराच्या जुन्या फडक्यात खडेमीठ बांधायचं, लोखंडी तव्यावर टेकवायचं, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, मग दुसऱ्याच्या पाठीला. तवा चुलीवर किंवा शेगडीवर, शेजारी पाट टाकून कुणीतरी बसलेलं. मीठ निवलं की पुन्हा तव्यावर. निर्गुडीचा पाला मिळाला तर तोही गरम करून बांधायचा. आता विजेचा पट्टा आहे. बटण दाबलं की तापतो, वेळ झाली की आपणहून बंद होतो. उपयोग सारखाच, कदाचित जास्तच. मनगट तेवढं गेलं.

तेल लावणारी बाई.
बाळंतिणीसाठी यायची, बाळ मोठं झालं तरी आठवड्यातून एकदा यायची. पितळी वाटीत कोमट तिळेल. हात टेकला की तिला कळायचं, कुठे दाबायचं आणि कुठे नुसता हात फिरवायचा. आमच्यासारख्यांना हे कळणं महत्त्वाचं. जोरकस मालिशनं दोन दिवस अंथरूण धरावं लागतं. मालिशनं हा आजार बरा होतो असा पुरावा नाही, बरं वाटतं एवढंच. आता पार्लरमध्ये पॅकेज असतं. ‘प्रेशर कमी ठेव गं’ म्हटलं तरी समोरची मुलगी जे शिकली तेच करते. तिला तासाभरात पुढचं गिऱ्हाईक असतं.

पाटा-वरवंटा, पाण्याचे हंडे, रॉकेलचा पंप मारायचा स्टोव्ह.
गेले ते बरं झालं.

विळी.
हिचं तसं नाही सांगता येत. विळीवर बसून भाजी चिरणारी बाई निदान बसायची तरी. ओटा आला आणि सगळा स्वयंपाक उभ्यानं झाला. जमिनीवरून उठणं मलाही जमत नाही, म्हणून विळीची ओढ नाही. पण ओट्याच्या उंचीचं स्टूल ठेवायला घरच्यांची हरकत का होती? ‘बसून काय करतात का कुणी पोळ्या?’ करतात. बसून लाटलेली पोळीसुद्धा फुगते.

दुपार.
पुण्यातल्या एक ते चार बंद दुकानांवर सगळ्या महाराष्ट्रानं विनोद केले. मीही हसले आहे. आता तीच पाटी मला वैद्यकीय सल्ल्यासारखी वाटते. या आजारात औषधाविना जे काही हाती आहे, त्यात विश्रांती घड्याळावर घेणं फार वरचं. दुखायला लागल्यावर आडवं व्हायचं नाही. दुखायच्या आधी व्हायचं. बरं वाटत असताना थांबायचं. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण मराठी घरात बरं वाटणारी बाई थांबलेली दिसणं हा जवळजवळ गुन्हा आहे.
सगळ्यात घातक वाक्य: ‘आज बरं वाटतंय, तर उरकून घेऊ.’ चकल्या, अनारसे, माळा झाडणं, पडदे धुणं, सगळं एका चांगल्या दिवसात. मग लक्ष्मीपूजनाला पाहुणे आले की घरची बाई आतल्या खोलीत पांघरूण डोक्यावर घेऊन. पुढच्या चांगल्या दिवशी पुन्हा तेच. चांगल्या दिवशी थोडं कमी आणि वाईट दिवशी थोडंसं तरी, असं केलं तर दिवसांमधली दरी कमी होते. चिवडा एका दिवशी, चकलीची भाजणी दुसऱ्या आठवड्यात, अनारसे विकत. विकतचे अनारसे बरे नसतात, हे मान्य.
जुनी दुपार हे सगळं न बोलता करून घ्यायची. जेवणं झाली, भांडी पडली, दार लोटलं, सगळं घर एकदमच आडवं. एकटीनं आडवं व्हावं लागत नव्हतं, म्हणून कारणही सांगावं लागत नव्हतं. आता दोन वाजता कुरिअर येतं, अडीचला कर्ज हवंय का म्हणून फोन, तीनला सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा. मी फोन बंद करून अर्धा तास पडते. जास्त नाही; दुपारी ताणून दिली की रात्रीची झोप जाते.

काळोख.
भारनियमनाच्या रात्री कुणाला परत नको आहेत, पंखा बंद पडून डास चावायचे. पण झोपायच्या खोलीत काळोख होता. आता समोरच्या इमारतीचा दिवा पडद्याच्या फटीतून उशीवर येतो. १९७५ मध्ये टोरांटोच्या हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. धडधाकट माणसांची झोप मोडायची नाही, फक्त ती गाढ व्हायला लागली की आवाज करून वरच्या पायरीवर आणायची. काही रात्रींत त्या धडधाकट माणसांची अंगं दुखायला लागली. दुखण्यानं झोप जाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलटही होतं, हे त्यावरून दिसलं. म्हणून जाड पडदा, आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच. या दोन गोष्टींना मी खूप मानते.

गोधडी.
सात जुन्या लुगड्यांची, जड. काहींना ते वजन बरं वाटतं, काहींना पायावर चादरसुद्धा सोसत नाही. आता वजनदार पांघरूण म्हणून ऑनलाइन हजारो रुपयांना मिळतं.

लोड-तक्के.
बैठकीच्या खोलीतून गेले, सोफा आला, त्यात माणूस रुततो आणि उठताना कंबर धरतो. लोड अजून मानानं नांदतात ते अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गांत. बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात १९७५ साली संस्था सुरू केली, तिथल्या शिकवणीत खुर्ची, पट्टा, ठोकळे, दोर, घोंगड्या यांना आसनाइतकंच महत्त्व. पाठीखाली लोड घालून नुसतं पडायचं, छाती उघडी, हात सैल. ताणून धरायचं काही नाही. दुखऱ्या माणसाला व्यायाम नको असतो तो याच धास्तीनं, की कुणीतरी ‘अजून थोडं, अजून थोडं’ म्हणेल. जिममध्ये तर तशा पाट्याच असतात.

आतल्या खोलीतली काकू.
प्रत्येक वाड्यात एक असायची. कपाळाला फडकं आवळलेलं, कूस भिंतीकडे. ‘तिच्या अंगातच नाही’, ‘कामाच्या वेळी बरं दुखतं हिचं’, ‘डॉक्टर म्हणाले काही झालेलं नाही’. पण तिच्या वाटणीच्या पोळ्या जाऊ लाटायची, तिचं मूल नणंद न्हाऊ घालायची. टोमणे आणि पोळ्या एकाच हातानं मिळायच्या. आता टोमणे बरेच कमी झालेत. आजाराला नाव आहे, ते छापील कागदावर आहे, नवरा तो कागद सासूला दाखवतो. पोळ्यांना मात्र हात नाहीत. कोपऱ्यावर पोळीभाजी केंद्र आहे, तिथेही कुणीतरी दुखऱ्या खांद्यांची बाई उभ्यानं शंभर पोळ्या लाटत असते.
औषधाविना बरं राहायचं म्हणजे स्वतःच्या हिमतीवर राहायचं, असं लोक समजतात. बंब, पुरचुंडी, तेल, दुपार यांतलं काहीही एकटीच्या हिमतीवर चाललेलं नव्हतं. गोळी एकटीला घेता येते. शेक दुसऱ्यानं द्यावा लागतो.

गिरणीपर्यंतची चाल.
युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये या आजारावरच्या शिफारशी नव्यानं तपासल्या. ठाम शिफारस केली ती एकाच गोष्टीची: व्यायाम. बाकी सगळ्याला, गोळ्यांनासुद्धा, ‘करून बघायला हरकत नाही’ इतपतच पाठिंबा, काहींना तोही नाही. पुढे २०१८ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी २२६ रुग्णांवरचा अभ्यास छापला. त्यात ताई-ची हा संथ चिनी व्यायाम घाम काढणाऱ्या व्यायामाइतकाच किंवा त्याहून बरा ठरला. संथ, ठरलेला, रोजचा. सुरुवात पाच मिनिटांची असली तरी चालते; वाढवायचा तो आठवड्यानं, तोही चमचाभर.
अशी संथ, रोजची चाल पूर्वी कामातच होती. मंडई, देऊळ, पोस्ट, गिरणी. आता भाजी दहा मिनिटांत दारात येते, पोस्टात कुणी जात नाही, फुटपाथवर दुचाक्या आहेत. पीठसुद्धा पाकिटात. आमच्या गल्लीतली गिरणी अजून चालू आहे. पट्ट्याचा तोच आवाज, भिंतींवर तेच पांढरं. गिरणीवाला म्हणतो, ‘वहिनी, फोन करा ना, डबा न्यायला पाठवतो कुणाला तरी, तुम्ही कशाला येता?’ मी जातेच. जाताना रिकाम्या हातानं, मधे बाकावर एकदा बसून. गहू पोऱ्या सकाळीच घेऊन गेलेला असतो आणि डबाही संध्याकाळी तोच आणून देतो. दहा रुपये जास्त घेतो. मी पंधरा देते, आणि डबा ओट्यावर ठेवून जा म्हणते, खाली नको.