बावखलातला दगड

ज्या घरातील एकही माणूस समुद्रापलीकडे नोकरीस गेलेला नाही, असे घर आमच्या वसईच्या धर्मग्रामांत आता विरळाच. कुवेत, बहारीन, मस्कत, दुबई ही नावे आमच्या आयाबायांच्या तोंडी पापडी-माणिकपूरइतक्याच सहजतेने येतात. परदेशी निघालेल्याला निरोप कसा द्यावा हे आम्हांस ठाऊक आहे: आदल्या रात्री घरी जपमाळेची प्रार्थना, धर्मगुरूंचा आशीर्वाद, पहाटे विमानतळावर गाडीभर माणसे. सुट्टीवर येणाऱ्याचे स्वागतही आम्ही जाणतो. परंतु परदेशातील चांगली चाललेली नोकरी आपण होऊन सोडावी आणि घरी न परतता पाठीवर एक पिशवी टाकून जग पाहावयास निघावे, अशा माणसाचे काय करावे हे आम्हांस ठाऊक नव्हते. २०२३ च्या मे महिन्यात तो प्रसंग आमच्यापुढे उभा राहिला.

तिचे दोघे भाऊ संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्याकडे आले. "फादर, ती तुमचे ऐकेल. तुम्ही सांगून पाहा," एवढेच थोरला म्हणाला आणि गप्प बसला.

ती शेहेचाळीस वर्षांची, अविवाहित. २००१ साली परिचारिका म्हणून कुवेतला गेली, तेव्हा आम्ही याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो आणि ती गायनवृंदात गात असे. पुढे आमच्या बदल्या होत राहिल्या. फिरून प्रमुख धर्मगुरू म्हणून येथे आलो, तो तिच्या पैशांतून दुमजली बंगला उभा राहिला होता. धाकट्या भावाचे लग्न पार पडले होते आणि पुतण्या इंजिनियरिंगला होता. बंगल्यासाठी वाडीतले बावखल बुजवले होते. ज्या पाण्यावर तिच्या वडिलांनी केळी आणि पानवेल जगवली, त्यावर आता मोटारी उभ्या राहत.

ती आली. आम्ही आमचे सर्व युक्तिवाद ओळीने मांडले: वय, वृद्ध आई, एकटी बाई, साठवलेला पैसा. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "फादर, दरवर्षी संत गोन्सालोच्या सणाला तुम्ही प्रवचन करता. त्याच्या भावांनी काय म्हटले असेल, ते मात्र कधी सांगत नाही."

वाचकहो, आम्ही निरुत्तर झालो. गोन्सालो गार्सिया आमचाच. वडील पोर्तुगीज, आई वसईची. कोवळ्या वयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर तो जपानला गेला, तेथील भाषा शिकला, धर्मशिक्षणाच्या कामी राबला. येशूसंघात प्रवेश मिळाला नाही तेव्हा व्यापारात पडला आणि त्यात त्याचे उत्तम बस्तान बसले. आजच्या भाषेत सांगावयाचे तर परदेशात स्थिरावलेला आपला माणूस! ते सगळे सोडून तो मनिलाला गेला, फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. पुढचे आपण जाणतोच. त्याला व त्याच्या साथीदारांना कान कापून, ऐन थंडीत, क्योतोहून नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभर चालवत नेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर चढवले. त्याने व्यापार सोडला, या वाक्यावर आम्ही प्रवचनात नेहमी आवाज चढवतो.

तरीही आम्ही वाद सोडला नाही. "तो देवासाठी निघाला. तू कशासाठी निघाली आहेस?" आम्ही विचारले.

"ते मला ठाऊक नाही, फादर. उद्या काय करायचे, ते बावीस वर्षे मला रोज ठाऊक होते."

तिच्या आईला आम्ही साहाय्यार्थ साक्षीस बोलावले. ती बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, फार बोलणारी नव्हे. म्हणाली, "जाऊ द्या तिला, फादर. इथे होतीच कुठे ती?"

आम्ही आशीर्वाद दिला. मनापासून दिला असे मात्र लिहवत नाही.

तिची तयारी पक्की होती. आपल्या पासपोर्टवर असा प्रवास करणे म्हणजे कागदांचा डोंगर. युरोपचा व्हिसा जेथे राहतो तेथूनच मागावा लागतो. म्हणून इकामा रद्द होण्याआधीच तिने तो कुवेतमधून काढला: बँकेचे उतारे, तीस हजार युरोंचा आरोग्यविमा, आणि मुक्काम एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच. सूचनेची मुदत संपली, ग्रॅच्युइटी हाती आली आणि सप्टेंबरात ती फ्रान्सच्या सीमेवरील सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावी पोहोचली. तेथून पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमधील सांतियागोपर्यंत सुमारे ७८० किलोमीटरची ती प्राचीन यात्रेची वाट. सांतियागो म्हणजे संत याकोब. आपल्या आगाशीचे चर्च ज्याच्या नावाने आहे तोच हा प्रेषित, आणि त्याची कबर त्या नगरीत आहे अशी शतकानुशतकांची श्रद्धा. २०२३ या एका वर्षात चार लाखांहून अधिक यात्रेकरूंनी तेथे यात्रापूर्तीचे प्रमाणपत्र घेतले. पायी जाणाऱ्याने निदान शेवटचे शंभर किलोमीटर चालावे, असा त्याचा नियम आहे.

ती आम्हांला व्हॉट्सॲपवर अधूनमधून लिही. रोन्सेसव्हालेसच्या मठात संध्याकाळच्या मिस्सानंतर यात्रेकरूंना निरनिराळ्या भाषांतून आशीर्वाद दिला, त्यांत आपली भाषा नव्हती. म्हणून तिने मनातल्या मनात 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हटले. धर्मशाळेत एकावर एक खाटा, चाळीस माणसांचे घोरणे. रात्रपाळीची सवय असल्याने झोप नाहीच लागली. लोकांच्या तळपायांचे फोड पाहून हात स्वस्थ बसेना. तिसऱ्या मुक्कामापर्यंत तिच्यापुढे रांग लागू लागली. 'फादर, नोकरी सोडली असे मला वाटले होते,' असे तिने लिहिले होते.

फोन्सेबादोन गावाच्या पुढे, सुमारे पंधराशे मीटर उंचीवर, एका उंच लाकडी खांबाच्या टोकाला लहानसा लोखंडी क्रूस आहे. यात्रेकरू आपल्या घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवतात. तिने ठेवलेला दगड बावखलाच्या काठचा होता. बावखल बुजवताना बाबांनी तो उचलून ठेवला होता, आणि ते वारल्यावर त्यांच्या कपाटात तिला सापडला. बावखल बुजवायला पैसे तिने पाठवले होते; बाबांना विचारले नव्हते. हे तिने आम्हांला तेव्हा प्रथम सांगितले.

डिसेंबरात ती घरी आली. जपानचा व्हिसा मुंबईतूनच मागावा लागणार होता. भावांची समजूत झाली की ती आता राहावयास आली. नाताळच्या दिवसांत घरात आनंद होता आणि जानेवारीत पिशवी पुन्हा भरलेली दिसताच तो मावळला. फेब्रुवारीत नागासाकीहून एक चित्रकार्ड आले. निशिझाका टेकडीवर १९६२ साली उभारलेल्या स्मारकाचे ते चित्र, सव्वीस हुतात्म्यांच्या ओळीने उभ्या ब्राँझच्या मूर्ती. मागे एवढेच लिहिले होते: 'महिनाभर चाललेली माणसे ही. पण यांचे पाय जमिनीला टेकलेले नाहीत. मी बराच वेळ पायच पाहत होते.'

त्यानंतर व्हिएतनाम, लाओस, थायलंड. त्या प्रवासाचे आम्हांस फारसे ज्ञान नाही आणि तिनेही फारसे लिहिले नाही.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. आमच्या चर्चचे छप्पर नव्याने घातले, तेव्हा सर्वांत मोठी देणगी तिची होती. तिला थांबवण्यासाठी आम्ही जी कारणे सांगितली त्यांत हे नव्हते. परंतु त्या संध्याकाळी भाऊ बोलत असताना आमच्या मनात प्रथम आला तो सभागृहाचा रखडलेला मजला. बावीस वर्षांत ती दर सुट्टीला आम्हां धर्मगुरूंना भेटावयास येई. खजूर देई, पाकीट देई. तू तिथे सुखी आहेस का, असे आम्हांपैकी एकानेही तिला विचारल्याचे स्मरत नाही.

२०२४ च्या आगमनकाळात ती परतली. पैसे बरेचसे संपले होते. थोरल्या भावाचे म्हणणे अद्याप तेच आहे, की हा सगळा पैसा पाण्यात गेला. पुतण्याचे शेवटचे वर्ष कर्जावर निघाले, हे खोटे नाही. ती वरच्या मजल्यावर आईजवळ राहते, आणि गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवावयास जाते. कोणी पैसे देतात, कोणी भाजी देतात. पुन्हा जाणार का, या प्रश्नाला ती हसते.

गेल्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिच्या आईला ख्रिस्तशरीर द्यावयास गेलो. ती कोणाच्या तरी घरी गेली होती. म्हाताऱ्या बाईने आम्ही दिलेले ते नागासाकीचे कार्ड देव्हाऱ्यात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी उभे केले आहे. प्रार्थना संपल्यावर तिने ते हाती घेतले आणि डोळ्यांजवळ नेत विचारले, "फादर, यातला आपला कोणता?"

इतकी वर्षे प्रवचने करूनही आम्हांस ते सांगता येईना. तेव्हा दारात उभा असलेला थोरला भाऊ आत आला, आईच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने एका मूर्तीवर बोट ठेवले. "हा," तो म्हणाला. "तिने मला दाखवला होता."