गंगाराम कांबळ्यांच्या दुकानातला चहा

२६ जूनची जयंती जवळ आली की शाळाशाळांतून कोल्हापूरच्या शाहू महाराजांवरची भाषणं पाठ करून घेतली जातात. वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, दुष्काळातली मदत अशी यादी मुलं घडाघडा म्हणतात. त्यात देणारा हात दिसतो, घेणारा माणूस दिसत नाही. म्हणून करुणा शिकवायची तर मी गंगाराम कांबळ्यांपासून सुरुवात करते. ते संस्थानच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना धंद्याला पैसे दिले, कोल्हापुरात चहाचं दुकान निघालं. पण दलिताच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजच दुकानापुढे गाडी थांबवून चहा मागवू लागले, बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. इथे गोष्ट थांबवावी आणि मुलांना विचारावं, पैसे दिले होते ना, मग चहा कशाला? भांडवलानं दुकान उभं राहिलं, विटाळ तसाच राहिला होता, हे चौथीतल्या मुलालाही उमगतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा की राजाला खजिना होता, सत्ता होती. पोरांनी त्याचं काय घ्यायचं? पण त्या चहाला खजिना लागला नव्हता. लागली ती चारचौघांदेखत आपल्या लोकांची नाराजी ओढवून घ्यायची तयारी. ज्याच्या डब्याला वर्गात कुणी हात लावत नाही त्याच्या शेजारी बसायलाही तीच लागते.

लोकशाहीत राजाचे गोडवे कशाला, हा दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. दयाळू राजा म्हणजे शेवटी मर्जीचा कारभार. म्हणूनच चहाच्या गोष्टीला १९०२चा हुकूम जोडावा लागतो: संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी. मर्जी बदलते, हुकुमावर बोट ठेवून माणूस मागणी करू शकतो. (भाषणं लिहून देणारे हा फरक सहसा गाळतात.) पण हुकुमाचीही दुसरी बाजू असते: १९१७मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. ज्याच्या घरी पोराच्या मजुरीवर चूल पेटते, त्याला दंड करणं ही करुणा का? महाराजांची बाजू मला पटते, कारण त्या सक्तीआड मुलाचा हक्क होता. तरीही वर्गात ती आधी मांडू नये. मुलांना त्या बापाच्या वतीनं आधी भांडू द्यावं.