छायेवरून श्रेणी

मेंदूतील गाठ किती उग्र आहे, हे कवटी उघडण्यापूर्वीच सांगता यावे, अशी अपेक्षा शस्त्रवैद्य आणि रुग्णाचे नातलग दोघेही आम्हा क्ष-किरणतज्ज्ञांकडून बाळगतात. आणि ती वाजवीच आहे, कारण गाठ किती काढायची, वाचेच्या केंद्रापाशी कितपत धोका पत्करायचा, हे पुष्कळसे त्या उत्तरावर ठरते. १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णेच्या मेंदूतील गाठ दाखवली. गाठीची श्रेणी ओळखणे मात्र एमआरआय हाती येऊनही अवघडच राहिले आहे.

एमआरआयच्या वेळी शिरेतून दिलेले गॅडोलिनियम, रक्त आणि मेंदू यांमधील आडपडदा जिथे मोडला असेल तिथे झिरपते, आणि तो भाग उजळतो. उजळली ती उग्र, हा समज सोयीचा आहे आणि म्हणूनच घातक आहे. मुलांच्या लहान मेंदूत आढळणारा पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा लखलखीत उजळतो, पण त्याची श्रेणी पहिली, म्हणजे सर्वांत सौम्य. उलट मुळीच न उजळणारे कित्येक ग्लायोमा पुढे तपासणीत तिसऱ्या श्रेणीचे निघतात. कडेने वलयासारखी उजळणारी गाठ तर आपल्या देशात क्षयाचीही असू शकते.

मला स्वतःला अधिक मोलाची वाटते ती एक निराळीच खूण. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या प्रतिमेत जवळजवळ सर्वत्र पांढरीशुभ्र दिसणारी गाठ शेजारच्या फ्लेअर प्रतिमेत आतून काळवंडते आणि काठाला पांढरी किनार तेवढी उरते. प्रौढाच्या न उजळणाऱ्या गाठीत ही विसंगती स्पष्ट असेल, तर ती आयडीएच जनुकात बदल झालेला ॲस्ट्रोसायटोमा आहे, असे बऱ्याच खात्रीने लिहिता येते; ती नसेल, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार सूक्ष्मदर्शकाखाली सौम्य भासणारी गाठही जनुकांच्या पुराव्यावर ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे चौथ्या श्रेणीची, ठरू शकते. म्हणून अहवालात मी संभाव्य श्रेणी लिहितो, तिच्यामागील कारणे लिहितो, आणि अंतिम निर्णय ऊतक-तपासणीवर सोपवतो.

गाठीचा स्वभाव तिच्या वाढीच्या वेगातही प्रकट होतो, आणि तो वेग एका दिवसाच्या प्रतिमेत दिसत नाही. तेव्हा नातलगांना माझी विनंती आहे की, पूर्वी कधीही, कोणत्याही कारणाने डोक्याचा एमआरआय झाला असेल, तर त्याच्या फिल्म आणि सीडी, कितीही जुन्या असोत, सोबत आणाव्यात.